पॉइंटर कसा निघतो? ठाणे-नवी मुंबईत पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

बारावीपर्यंत हिशेब सोपा होता. सगळ्या विषयांचे गुण मिळवायचे, एकूण गुणांनी भागायचं, शंभराने गुणायचं, झाली टक्केवारी. पदवीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागतो आणि गुणपत्रिकेवर टक्क्यांच्या जागी ७.७३ असा आकडा येतो. यालाच मुलं पॉइंटर म्हणतात. शेजारी श्रेयांक, श्रेणी, श्रेणीगुण असे रकाने. घरी आई विचारते, "किती टक्के पडले?" आणि मुलं म्हणतात, "सत्त्याहत्तर." हे उत्तर चुकीचं आहे. का चुकीचं, ते खाली येईलच.

मी ठाण्यात कॉलेजात शिकवतो. दिवा, मुंब्रा, कळवा, ऐरोली, घणसोलीहून येणारी मुलं वर्गात असतात. त्यातल्या अनेकांच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच. पॉइंटर कसा निघतो हे त्यांना कोणी बसून सांगितलेलं नसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत ते विचारायचा संकोच वाटू लागतो. म्हणून हे पहिल्याच सत्रात वाचा, वही-पेन घेऊन. मोबाईलवरच्या तयार कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरण्याआधी एकदा तरी हाताने करा. हाताने केलं की कुठला एक गुण किती कामाचा आणि कुठले पाच गुण निरुपयोगी, हे दिसतं.

आधी तुमची नियमावली कोणती ते बघा

ठाणे-नवी मुंबईतली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. पण त्यातही फरक आहे. ठाण्याचं बांदोडकर किंवा जोशी-बेडेकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नेरुळचं एसआयईएस ही कॉलेजं स्वायत्त आहेत. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी मात्र विद्यापीठाची. नेरुळचं डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ, त्याचे नियम सर्वस्वी त्याचे. इंजिनीअरिंगचे श्रेणीचे तक्ते आणि टक्केवारीची सूत्रंही बीए-बीकॉम-बीएस्सीपेक्षा वेगळी.

त्यामुळे मित्राच्या कॉलेजचा तक्ता आपल्या गुणपत्रिकेला लावू नका. तुमच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. तिच्या शेवटच्या पानांवर परीक्षेची पद्धत आणि श्रेणीचा तक्ता छापलेला असतो. ती दोन पानं छापून घ्या आणि वहीत चिकटवा. इथे मी मुंबई विद्यापीठाचा नव्या शैक्षणिक धोरणाचा तक्ता धरून चाललो आहे. संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाला.

श्रेयांक म्हणजे विषयाचं वजन

प्रत्येक विषयापुढे २ किंवा ४ असा आकडा असतो, तो श्रेयांक. मुलं क्रेडिटच म्हणतात. १ श्रेयांक म्हणजे वर्गातल्या शिकवण्याचे साधारण १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. नव्या रचनेत एका सत्राला २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६.

पहिल्या सत्रातले २२ असे वाटलेले असतात: मुख्य विषयाला ६, दोन ओपन इलेक्टिव्हना मिळून ४, आणि व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी या सहांना प्रत्येकी २. संक्षेपांनी गांगरू नका. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या मुख्य विषयाबाहेरचा, निवडून घ्यायचा विषय. व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे विषय, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षण, आयकेएस भारतीय ज्ञानप्रणाली, सीसी म्हणजे खेळ, कला, एनएसएससारखे सहअभ्यासक्रम.

४ श्रेयांकांचा विषय १०० गुणांचा आणि २ श्रेयांकांचा ५० गुणांचा. हे लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

गुणांवरून श्रेणी, श्रेणीवरून श्रेणीगुण

आता तक्ता. आधी त्या विषयातले तुमचे गुण टक्क्यांत आणा. ५० पैकी असतील तर दुप्पट करा. मग:

९० ते १००: ओ, श्रेणीगुण १०
८० पासून ९० च्या आत: ए प्लस, ९
७० पासून ८० च्या आत: ए, ८
६० पासून ७० च्या आत: बी प्लस, ७
५५ पासून ६० च्या आत: बी, ६
५० पासून ५५ च्या आत: सी, ५
४० पासून ५० च्या आत: पी, म्हणजे पास, ४
४० च्या खाली: एफ, ०

घरात ताई-दादा नव्या धोरणाआधी शिकलेले असतील तर त्यांचा तक्ता वेगळा होता. त्यांना ८० गुणांनाच ओ आणि १० मिळायचे, ७० ला ए प्लस, ६० ला ए. म्हणजे एखाद्या विषयातल्या त्याच ७२ गुणांना दादाला ९ मिळाले होते आणि तुम्हाला ८ मिळतात. त्याचा पॉइंटर ८.६ आणि तुमचा ७.७ म्हणून तुम्ही मागे पडलात असं नाही. घरच्यांना हे एकदा स्पष्ट सांगा. या तुलनेतून मुलं उगाच खचलेली मी पाहिली आहेत.

आता भारित सरासरी

भारित सरासरी हा शब्द जड वाटतो, पण रोजच्या व्यवहारात तुम्ही ती काढताच. जांभळी नाक्यावरून ३० रुपये किलोने ४ किलो कांदे आणि ८० रुपयांचं १ किलो आलं आणलं, तर किलोमागे सरासरी किती पडली? ३० आणि ८० ची मधली किंमत ५५, असं कोणी म्हणणार नाही. एकूण २०० रुपये, एकूण ५ किलो, म्हणून ४०. कांदे जास्त घेतले म्हणून सरासरी कांद्याच्या भावाकडे झुकली.

पॉइंटरचंही तेच. प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणायचे, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं. एका सत्राचा असा आकडा म्हणजे एसजीपीए.

एक उदाहरण पूर्ण करू. बीएस्सीच्या पहिल्या सत्रातली एक मुलगी धरा. तिचे गुण असे आले आहेत:

मुख्य विषय, थिअरी, ४ श्रेयांक: १०० पैकी ७१, ए, ८. गुणाकार ३२
मुख्य विषय, प्रात्यक्षिक, २: ५० पैकी ४१, म्हणजे ८२ टक्के, ए प्लस, ९. गुणाकार १८
पहिलं ओपन इलेक्टिव्ह, २: ३४, म्हणजे ६८, बी प्लस, ७. गुणाकार १४
दुसरं ओपन इलेक्टिव्ह, २: ३०, म्हणजे ६०, बी प्लस, ७. गुणाकार १४
व्हीएससी, २: ३८, म्हणजे ७६, ए, ८. गुणाकार १६
एसईसी, २: ४०, म्हणजे ८०, ए प्लस, ९. गुणाकार १८
एईसी, २: २९, म्हणजे ५८, बी, ६. गुणाकार १२
व्हीईसी, २: ३६, म्हणजे ७२, ए, ८. गुणाकार १६
आयकेएस, २: २७, म्हणजे ५४, सी, ५. गुणाकार १०
सीसी, २: ४५, म्हणजे ९०, ओ, १०. गुणाकार २०

गुणाकारांची बेरीज १७०. श्रेयांक २२. १७० ला २२ ने भागलं की ७.७२७, दोन दशांश स्थळांपर्यंत ७.७३. हा तिचा एसजीपीए.

सत्राची एकूण श्रेणी त्याच तक्त्यात, पण वेगळ्या रकान्यातून ठरते: एसजीपीए ७ पासून ८ च्या आत असेल तर ए, ८ पासून ९ च्या आत असेल तर ए प्लस. इथे मुलं हमखास अडकतात. एका विषयातल्या ए चे श्रेणीगुण ८, मग ७.७३ ला ए कशी? दोन वेगळे रकाने आहेत एवढंच. विषयासाठी गुणांवरून बघायचं, सत्रासाठी एसजीपीएवरून.

एका गुणाची किंमत

ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला तो भाग हा. वरची यादी पुन्हा नीट बघा. ओपन इलेक्टिव्हमध्ये ३४ आहेत. ३५ असते तर ७० टक्के, म्हणजे ए, गुणाकार १४ चा १६ झाला असता. एईसीत २९ आहेत, ३० असते तर ६० टक्के आणि बी प्लस. आयकेएसमध्ये २७, तिथे २८ असते तर ५६ टक्के आणि बी. तीन विषयांत एकेक गुण जास्त, आणि बेरीज १७० वरून १७६. भागिले २२. बरोबर ८.००.

५५० पैकी फक्त ३ गुणांनी पॉइंटर ७.७३ चा ८.०० झाला आणि सत्राची श्रेणी ए ची ए प्लस.

आता उलटं करा. दुसऱ्या ओपन इलेक्टिव्हमध्ये ३० ऐवजी २९, एसईसीत ४० ऐवजी ३९, सीसीत ४५ ऐवजी ४४. तीनच गुण गेले, बेरीज १६४, पॉइंटर ७.४५. एकूण गुण ३८८ आले काय आणि ३९४ आले काय, टक्केवारीत फरक जेमतेम १ टक्क्याचा, ७०.५५ आणि ७१.६४. पॉइंटर मात्र ७.४५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकतो. श्रेणीच्या पायरीवर पाय पडला की नाही, यावर सगळं ठरतं. मला ही पद्धत फारशी न्याय्य वाटत नाही, पण आहे ती अशी आहे, आणि तिच्यात चार वर्षं काढायची तर ती नीट ओळखून घ्यायला हवी.

तीन गोष्टी यातून लगेच करता येतात.

एक, इंटर्नलचे गुण वाया घालवू नका. नव्या पद्धतीत १०० गुणांच्या विषयात साधारणपणे ६० लेखी परीक्षेचे आणि ४० अंतर्गत मूल्यमापनाचे, ५० च्या विषयात ३० आणि २०. या अंतर्गत गुणांत असाइनमेंट, छोटी चाचणी, सादरीकरण असं सगळं येतं, आणि ते सत्र चालू असताना तुमच्या हातात असतं. ५० च्या पेपरात एक गुण म्हणजे २ टक्के. एक असाइनमेंट वेळेवर दिली नाही की एक पायरी खाली यायला तेवढं पुरतं. शिवाय पास व्हायला अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात: ४० पैकी १६ आणि ६० पैकी २४, २० पैकी ८ आणि ३० पैकी १२. लेखीत ५० काढूनही इंटर्नलमुळे केटी लागू शकते, म्हणजे विषय राहून परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

दोन, आयकेएस-व्हीईसीसारखे विषय "त्यात काय, पास होतोच" म्हणून सोडू नका. २ श्रेयांकांचा प्रत्येक विषय एक पायरी वर गेला की पॉइंटर ०.०९ ने वाढतो, ४ श्रेयांकांचा गेला की ०.१८ ने. मुख्य विषयाची थिअरी जड आहे हे खरं, पण असे छोटे विषय नऊ आहेत, आणि नऊ मिळून २२ पैकी १८ श्रेयांक होतात.

तीन, निकालानंतर रिव्हॅल्युएशनचा अर्ज करायचा का, हे मनाला वाटण्यावर सोडू नका. पुढची पायरी किती गुणांवर आहे ते मोजा. वरच्या मुलीने ३४ च्या पेपराचा विचार केला तर त्यात अर्थ आहे, एक गुण पुरेसा आहे. व्हीईसीतल्या ३६ साठी अर्ज करून दोन गुण वाढले तरी ३८ होणार, श्रेणी तीच राहणार. मुख्य विषयातले ७१ थेट ८० झाले तरच काही फरक. म्हणजे तिथे अर्जाचे पैसे वाया. शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, शिक्षकांना दाखवा, मग ठरवा. अर्जाची मुदत निकालाबरोबरच जाहीर होते आणि ती फार लांब नसते, तेव्हा निकालाच्या दिवशीच ही आकडेमोड करून ठेवा.

सीजीपीए: सगळ्या सत्रांचा मिळून

सूत्र तेच, फक्त आता सगळ्या सत्रांचे गुणाकार आणि सगळ्या सत्रांचे श्रेयांक. आपल्या मुलीला दुसऱ्या सत्रात १८० आले, म्हणजे एसजीपीए ८.१८. सीजीपीए काढताना ७.७३ आणि ८.१८ ची सरासरी घेऊ नका, ती ७.९५५ येते आणि तुम्ही ७.९६ लिहाल. मूळ बेरीज घ्या: १७० अधिक १८० म्हणजे ३५०, भागिले ४४, उत्तर ७.९५. आधीच दोन दशांशांत छाटलेले आकडे पुन्हा वापरले की असा फरक पडतो. म्हणून प्रत्येक सत्राची बेरीज वहीत लिहून ठेवा, एसजीपीए मागाहून काढता येतो.

सगळ्या सत्रांना सारखेच श्रेयांक असतील तर साधी सरासरी जवळपास बरोबर येते. पण काही अभ्यासक्रमांत एखादं सत्र जड, एखादं हलकं असतं. २४ श्रेयांकांच्या सत्रात ६.५० आणि १६ श्रेयांकांच्या सत्रात ८.५० असेल तर साधी सरासरी ७.५०, खरा सीजीपीए ७.३०. इंजिनीअरिंगला गेलेल्यांनी हे खास तपासा. त्यांच्या गुणपत्रिकेवर या आकड्याला सीजीपीआय म्हटलेलं दिसेल.

पुढे किती लागेल, हेही याच सूत्राने उलटं काढता येतं. समजा चार सत्रांनंतर ८८ श्रेयांक झाले, सीजीपीए ७.२ आहे आणि पदवीला ७.५ हवा आहे. १३२ गुणिले ७.५ म्हणजे ९९० हवेत. आतापर्यंत जमले ८८ गुणिले ७.२, म्हणजे ६३३.६. उरलेल्या ४४ श्रेयांकांत ३५६.४ हवेत, म्हणजे दोन्ही सत्रांत ८.१. जमण्यासारखं आहे. हाच हिशेब पाच सत्रांनंतर केला तर शेवटच्या एका सत्रात ९ लागतात. पॉइंटर वाढवायचा असेल तर दुसऱ्या वर्षातच हात घाला, तिसऱ्या वर्षी श्रेयांकच कमी उरतात.

केटी असेल तर

नापास विषयाचे श्रेयांक जमा होत नाहीत आणि श्रेणीगुण शून्य. २ श्रेयांकांचा एक विषय गेला तरी पदवीचे १३२ पूर्ण होत नाहीत, म्हणून "छोटा विषय आहे, नंतर बघू" हे चालत नाही. पुढच्या वर्गात किती केटींसह जाता येतं, याचे नियम अभ्यासक्रमाप्रमाणे ठरतात, ते कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्या. सीनियर सांगतात ते बहुधा त्यांच्या वेळचे नियम असतात.

टक्के मागितले तर काय लिहायचं

आता सुरुवातीच्या "सत्त्याहत्तर"कडे. आपल्या मुलीचे खरे गुण ५५० पैकी ३९१, म्हणजे ७१.०९ टक्के. ७.७३ ला दहाने गुणलं की ७७.३ येतात, सहा टक्के जास्त. कारण ७० पासून ८० च्या आतल्या सगळ्यांना ८ मिळतात, ७१ वालीलाही. श्रेणीगुण बहुतेक वेळा तुमच्या खऱ्या गुणांच्या वरच्या बाजूला असतो, आणि दहाने गुणलं की तो फुगवटा टक्क्यांत शिरतो.

दुसरं चुकीचं सूत्र म्हणजे ९.५ ने गुणणं. ते सीबीएसईच्या दहावीसाठी होतं, पदवीशी त्याचा संबंध नाही. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने दिलेल्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०. त्यामागचं सूत्र: सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. ७.७३ चे ६९.८ होतात, आणि ते खऱ्या ७१.०९ च्या बरेच जवळ आहे. पण म्हणून हेच सूत्र सगळीकडे लावू नका. अर्जात टक्के मागितले असतील तर क्रम असा ठेवा: गुणपत्रिकेच्या मागे रूपांतराचं सूत्र छापलेलं असेल तर तेच, नसेल तर विद्यापीठाचं परिपत्रक, तेही मिळालं नाही तर कॉलेजकडून टक्केवारीचं लेखी पत्र.

नोकरीच्या आणि प्रवेशाच्या अर्जांत याला फार महत्त्व आहे. बँकांच्या जाहिरातींत ५९.९९ म्हणजे ६० च्या खाली असं स्पष्ट लिहिलेलं असतं, वरच्या आकड्यावर नेणं चालत नाही. कॉलेजात शिकवण्यासाठीच्या नेट पात्रता परीक्षेला खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. अर्जात ७७ लिहिले आणि कागदपत्रं तपासताना ७१ निघाले, तर त्या मुलीने फसवलं असंच समोरच्याला वाटतं. तिला फक्त सूत्र माहीत नव्हतं, हे सांगायला तिथे वेळ मिळत नाही.

श्रेयांक जमा झाले का ते बघा

नव्या पद्धतीत तुमचे श्रेयांक अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. त्यासाठी १२ अंकी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लागतो, तो डिजिलॉकरवरून काढता येतो. प्रत्येक सत्रानंतर तिथे जाऊन तुमचे २२ श्रेयांक दिसतात का बघा, आणि नाव आधार कार्डावर आहे तसंच गुणपत्रिकेवर आहे का तेही. वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग यात एका अक्षराचा फरक असला तरी अडतं. पहिल्या वर्षी हे कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन दुरुस्त होतं, तिसऱ्या वर्षी पदवी प्रमाणपत्र छापल्यावर त्याच दुरुस्तीसाठी कलिन्याला, विद्यापीठाच्या संकुलात, फेऱ्या माराव्या लागतात.